दोनदा पाळलेलं मौन

माझी पत्नी मरोळच्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला शिकवायची. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, असा नियम आहे. म्हणून दर मे महिन्यात ती चाळींमधून मुलं गोळा करत फिरायची. "मी शिक्षिका आहे की विमा एजंट, तेच कळत नाही," असं म्हणत चपला घालायची. शेवटच्या मे महिन्यात, आजारी असतानाही, तिने शाळा सुटलेल्या दोन जुळ्या बहिणींना परत आणलं.

सप्टेंबरमध्ये ती गेली. पुढच्या महिन्यात शाळेने शोकसभा ठेवली. तिची पुस्तकं वर्गाच्या कपाटात जावीत, ही तिची इच्छा होती. मी दोन पिशव्या भरून नेल्या.

सभागृहात फलक लावला होता. वर मोठ्या अक्षरांत उपक्रम क्रमांक, खाली लहान अक्षरांत तिचं नाव. आम्ही उभे राहिलो. मौनात मला दाराजवळच्या तिच्या चपला दिसत राहिल्या. त्या मी अजून हलवलेल्या नाहीत.

"हलला ना रे फोटो!" मुख्याध्यापक शिपायाला म्हणाले. "फलक पण अर्धा कापलास. सरकारी पोर्टल घेणार नाही हा." मग माझ्याकडे वळून, "सॉरी हं साहेब, परत एकदा करू या. ए बुटक्यांनो, पुढे या."

जुळ्या बहिणी पहिल्या रांगेत आल्या. मागून कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं. दोन-चार मुलं फिसकन हसली. त्यांचा मला राग आला नाही. किळस आली ती माझीच. दुसऱ्या खेपेला मीसुद्धा फलक दिसेल असा बाजूला सरकलो आणि व्यवस्थित मान खाली घातली.

चहा घेताना मी विचारलं, "तिच्या जागी कोण येणार?"

"कोणी नाही, साहेब. पद गेलं. दोन मुलं कमी भरली."

"त्या दोघींना तर तिने आणलं होतं."

"त्यांचं आधार जुळत नाही ना! जुळ्या असून दोघींच्या जन्मतारखा वेगळ्या. पोर्टल त्यांना धरतच नाही. आता सातवी सहावीबरोबर बसेल." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "वरून आहे सगळं. मी काय करणार?"

समोर भिंतीला टेकून त्या दोघी बसल्या होत्या. फोटोत पहिल्या रांगेत होत्या. पटावर नव्हत्या.

पिशवीत वरच शैक्षणिक धोरणाची पुस्तिका होती. मातृभाषेतल्या शिक्षणाच्या परिच्छेदाखाली तिने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. भोळी बाई. पुस्तिका मी बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली आणि उठलो. मुख्याध्यापकांनी ती, चहा सांडू नये म्हणून, कपाखाली सरकवली.

मी त्या मुलींसमोर पिशव्या उघडल्या.

"काका, नवीन बाई कधी येणार?" एकीने विचारलं.

"येणार नाहीत."

तिने पिशवीत वाकून पाहिलं. मग गोष्टींचं एक जाड पुस्तक तिने उचललं. "ही सगळी कपाटात ठेवायची ना?"

"नको. घरी न्या. बाकीच्यांनाही द्या."

पुस्तक घरी नेताना नोंद करायची, ही बाईंनी लावलेली सवय होती. दुसरी म्हणाली, "मग रजिस्टरात आमचं नाव लिहू?"

"नको," मी म्हणालो. "कुठेही लिहू नका."