पडली की पाडली?

राजमणीअक्कांसमोर 'गिरणी बंद पडली' असं म्हणायची सोय नव्हती. बोलणारा कुणीही असो, अक्का हातातला खडू त्याच्यावर रोखायच्या आणि विचारायच्या, "पडली की पाडली?" समोरचा गोंधळायचा. मग त्या फळ्यावर 'पडली' लिहायच्या, 'प'ला एक ठसठशीत काना जोडायच्या आणि म्हणायच्या, "बघा. ही एवढी काठी काढून घेतली की करणारा माणूस गायब! काठी परत लावायची आणि माणूस शोधायचा. आपला अभ्यास एवढाच."

हा अभ्यास सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी चालायचा. दारावर अक्कांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान. फक्त मोठ्यांसाठी. परीक्षा नाही.' यंत्रमागावरचे कामगार यायचे, विड्या वळणाऱ्या बायका यायच्या, रिक्षा चालवणारे शौकतभाई यायचे. माझी बायको मंगल पहिल्या महिन्यापासून जायची. मी नव्या पेठेत एका कापड दुकानाचे हिशेब लिहितो आणि सोसायटीचा खजिनदार आहे. परीक्षा नाही, दाखला नाही, तर शिकून हातात काय येणार, असा माझा प्रश्न होता. मंगल म्हणाली, "हातात नाही, तोंडात येतं."

ते खरं निघालं. एका सकाळी मी म्हणालो, "अगं, विजेचं बिल भरायचं राहिलं." मंगलनं पोळी लाटता लाटता विचारलं, "राहिलं की तुम्ही ठेवलं?" दुसऱ्या दिवशी तिच्या हातून कप निसटला. मी संधी साधली. "फुटला की फोडला?" ती शांतपणे म्हणाली, "फोडला. मी फोडला. आता तुम्ही बिलाचं बोला." त्या दिवशी मी दुकानात जायच्या आधी बिल भरलं.

अक्का मूळच्या विणकर घरातल्या, घरची भाषा तेलुगू. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. रागावल्या की त्यांचं मराठी घसरायचं, "ती पंखा बंद कर" म्हणायच्या, "खुर्ची आला का?" म्हणायच्या. लिंगात चुकायच्या, कर्त्यात कधीच नाही. त्यामागची गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. दुसरीत असताना त्यांचे आजोबा वारले. शाळेत परत आल्यावर बाईंनी गैरहजेरीचं कारण विचारलं. राजमणीनं उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "आजोबांना मारले."

बाईंनी घाबरून विचारलं, "कोणी?"

"मी नाही, बाई!"

अख्खा वर्ग हसला. "मी मात्र घरी जाऊन विचार करत बसले," अक्का सांगायच्या. "मला म्हणायचं होतं 'मरले'. एक काठी जास्त लागली आणि मरणाचा खून झाला! अय्यो, ही भाषा जपून वापरायला पाहिजे."

त्यांचा इतिहासही याच वाटेनं जायचा. सोलापुरात मार्शल लॉ लागला, असं कुणी म्हणालं की, "लागायला तो काय ठसका आहे? लावला. कुणी लावला, कुणावर लावला, का लावला, ते बोला." पगार घटला नाही, घटवला. भाव चढला नाही, चढवला. एक तरुण विणकर हे शिकून इतका पेटला की त्याला सगळीकडं मालकच दिसू लागले. माग बिघडला तरी मालकानं बिघडवला. अक्कांनी त्यालाही सोडलं नाही. "पुरावा आण बाबू. तुझा राग हा पुरावा नाही."

तत्त्वज्ञानाची सुरुवात पावसापासून झाली. शौकतभाईंनी विचारलं, "अक्का, पाऊस पडला बोलते. तो पाडा कौन?" झालं! कुणी देव म्हणालं, कुणी समुद्राची वाफ म्हणालं, मागच्या बाकावरच्या बायकांनी दोन्ही म्हटलं. तीन रविवार पाऊस चालला, हॉलमध्ये. शेवटी अक्का म्हणाल्या, "कर्ता शोधायचा. मनापासून शोधायचा. नाही सापडला तर जागा मोकळी ठेवायची. पण खोटा माणूस आणून बसवायचा नाही." हे वाक्य मला मंगलनं घरी येऊन सांगितलं आणि पुढच्या रविवारी मीही जाऊन बसलो. हिशेबाच्या माणसाला ते पटण्यासारखं होतं.

मग एके दिवशी सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली. म्हणजे आमचे अध्यक्ष देशमाने साहेब यांनी लावली : 'रविवारचा वर्ग बंद करण्याचे ठरले आहे.' एका शिकवणीवाल्यांना हॉल भाड्यानं हवा होता. भाडं चांगलं होतं, गच्ची गळत होती, हे खजिनदार म्हणून मला नाकारता येत नव्हतं. अक्कांनी बोर्डासमोर उभं राहून ते वाक्य दोनदा वाचलं. "ठरतं ते लग्न," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं कुणीतरी ठरवतं."

त्या चेष्टा करत होत्या, पण संध्याकाळी आमच्याकडं आल्या तेव्हा चहा तसाच राहिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. मंगलला म्हणाल्या, "शाळेनं मला एकदा घरी बसवलंय. आता सोसायटीनं बसवलं, तर मी परत उठायची नाही गं."

अक्काही सोसायटीच्या सभासद. त्यांनी सभा मागितली. सभेला देशमाने साहेबांनी घसा साफ करून सुरुवात केली. "वर्गाबद्दल तक्रारी येत आहेत."

"कुणाच्या?" अक्का.

"तसं नाव घेणं बरं दिसत नाही. हॉल भाड्यानं द्यावा, अशी सूचनाही पुढं आली आहे."

"कशी आली? चालत, की रिक्षानं?"

शौकतभाई सभासद नव्हते, पण दारात उभे होते. "मेरे रिक्षे में तो नई आई, अक्का!"

सभा हसली. साहेब लाल झाले. मी नियम वाचून दाखवला : ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि दोघांची नावं लिहावी लागतात. "बोला, सूचक कोण?" सगळे पंख्याकडं बघू लागले. साहेबांनी आपल्या बाजूच्या चार-पाच जणांकडं पाहिलं. त्यांनीही पंखाच पाहिला.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकवून तात्या उठले. तात्या टेंभुर्णीकडचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या घराची खिडकी हॉलला लागूनच. "म्या म्हंतोय. लिवा माझं नाव. रातभर झोप न्हाय मला. सकाळी नवाला कुटं डोळा लागतो, तर ह्यांचं सुरू, 'कर्ता कोण, कर्ता कोण!' लई झालं की. वर्ग बंद करा. त्या शिकवणीवाल्यांनाबी देऊ नका. झोपू द्या."

अक्कांचा चेहरा उजळला. "वा, तात्या! या हॉलमध्ये आज पहिलं सरळ वाक्य आलं." त्यांनी अनुमोदकासाठी सगळीकडं पाहिलं. कुणीच हात वर करेना. "इतकं सरळ वाक्य वाया जाऊ द्यायचं नाही. अनुमोदक म्हणून माझं नाव लिहा. चर्चा होऊ दे. मत मी विरोधात देणार."

मंगलनं कपाळाला हात लावला. तात्या तर बसायचंच विसरले. "अवो बाई, तुमी कुणाच्या बाजूनं हाय?"

चर्चा झाली. मग मतं. माझा हात वर्गाच्या बाजूनं वर गेला. म्हणजे मी केला. मंगल शेजारीच बसली होती. मी हात दोनदा मोजले. दोन्हीकडं सारखे. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. साहेबांनी ठरावाच्या वहीकडं पाहिलं. तिथं आता निर्णय घेणारा म्हणून त्यांचं एकट्याचं नाव येणार होतं. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल घडी करून ठेवला. मग म्हणाले, "निर्णय तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे."

अक्कांनी तोंड उघडलं. मंगलनं त्यांचा हात घट्ट दाबला. "अक्का, आता गप बसायचं." अक्का गप बसल्या. कर्ता नसलेलं वाक्य त्यांनी तसंच जाऊ दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

स्थगिती कुणी उठवली नाही, वर्ग चालू राहिला. अक्कांनी तात्यांसाठी वेळ अर्धा तास पुढं नेली आणि सगळ्यांना आवाज खाली ठेवायला सांगितला. दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी खिडकीतूनच आवाज आला, "जरा मोठ्यानं बोला की! अर्धवट आयकू येतंय, त्यानं जास्ती झोप मोडती."

तेव्हापासून तात्या वर्गात येऊ लागले. म्हणजे खिडकीत. उशीला टेकून, अंगावर चादर घेऊन ते वाद घालायचे. एकदा संपांचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "तो संप फुटला." अक्का खडू उचलणार, तोच तात्या बोलले, "फुटला न्हाय. फोडला. आमच्या डेपोतला एक संप म्या फोडला. पोरीचं लगीन तोंडावर व्हतं. चौथ्या दिवशी गाडी भाईर काडली म्या."

अक्का खिडकीपाशी गेल्या. "तात्या, आत या. पहिल्या खुर्चीवर बसा."

"न्हाय बाई. हितनंच बरं हाय."

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. बाजारातून आल्या, पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या आणि गेल्या. डॉक्टर हृदय म्हणाले. शौकतभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "इसमें कर्ता कौन, साहब?" ती जागा आम्ही मोकळी ठेवली.

पुढच्या रविवारी मंगलनं हॉल उघडला. माणसं आली, नेहमीपेक्षा जास्तच आली. मंगल फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहिली. पुढच्या रांगेत कुणी पदर डोळ्यांना लावला, कुणी खोकलं. मंगलनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. तिनं खडू फळ्याला टेकवला आणि परत खाली घेतला. दोन बायका उठून चपला शोधू लागल्या.

"का थांबलाय?" खिडकीतून आवाज आला. तात्या उशी मांडीवर घेऊन ताठ बसले होते, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. "सुरू कर की गं मंगल. म्या कवाधरनं पडलोय हितं डोळं मिटून. मोड की माझी झोप."