पहिलं ताट आत्याचं

खानावळीचं नाव काय ठेवायचं यावर घरात इतका खल झाला, की शेवटी पाटी रंगवणाराच कंटाळला. त्याने पाटीवर एक वाफाळतं ताट काढून दिलं आणि वरची जागा मोकळी सोडली. "नाव सुचलं की लिहून टाकू," नवरा म्हणाला. ते काही सुचलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

परक्या देशातलं, समुद्राला चिकटून बसलेलं हे गाव. नवऱ्याची बदली इथल्या बोटींच्या कारखान्यात झाली, सामान लागलं, पडदे शिवून झाले आणि कारखाना बंद पडला. परत जायचं तर कशाला, आणि राहायचं तर काय करून, असा पेच होता. तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्यावर चपलांचं एक बंद दुकान भाड्याने मिळालं. लांबट खोली, पुढे मोठी काच, मागे चिंचोळं स्वयंपाकघर आणि दोघांच्या मधे ताटं सरकवायला भिंतीत पाडलेली खिडकी. भाडेकरार बायकोच्या नावावर झाला, म्हणून नवरा तिला त्या दिवसापासून 'मालकीणबाई' म्हणू लागला. आधी चेष्टेत, मग सवयीने. मालकीणबाई रोज सकाळी काचेवर बसलेला खारट थर ओल्या कागदाने पुसायच्या, बिजागऱ्यांना तेल द्यायच्या आणि सर्दावलेल्या काडेपेटीच्या नावाने बोटं मोडायच्या.

स्वयंपाक करणार होती आत्या. म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. पण या जोडप्याच्या, आता लग्न होऊन गेलेल्या लेकीने लहानपणी आत्या म्हटलं आणि पुढे सगळ्यांनीच तेच उचललं, सख्ख्या भावानेसुद्धा. उभा जन्म तिने सासरच्या मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक ओढला होता. तिचा नवरा वारल्यावर तिथे पुतण्यांची लग्नं होऊन सुना आल्या. सुना गोड होत्या. "तुम्ही बसा, तुम्ही खूप केलंत," असं म्हणत त्यांनी तिच्या हातातला झारा काढून घेतला तो कायमचाच. मग आत्या ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहायला लागली. फोनवर तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत गेला. तेव्हा मालकीणबाईच म्हणाल्या होत्या, "त्यांना इकडे आणू. स्वयंपाक त्यांच्या हाती देऊ. चाललं तर राहतील आपल्याकडेच."

चाललं तर. सगळं त्यावर होतं. नाही चाललं, तर आत्याला पुन्हा ती खुर्ची.

आणि चालत नव्हतं.

लोक येत. रश्श्याचा वास रस्त्यावर पसरला की चालणाऱ्यांची पावलं अडखळत. माणसं आत येऊन बसत, ताटाकडे बघून खूश होत, पहिला घास घेत. मग पाणी मागत. मग लिंबाचं सरबत. मग पुन्हा पाणी. अर्धं ताट ठेवून, हसून, मान झुकवून निघून जात. पुन्हा येत ते फक्त शेजारच्या दुकानातले एक न्हावी, आणि तेही बहुधा शेजारधर्म म्हणून.

"आपलं सरबत फार नावारूपाला येतंय," नवरा एकदा म्हणाला.

"हळू बोला. आत ऐकू जाईल."

दोघांनाही कारण ठाऊक होतं. रस्सा खारट होता. भाजी खारट होती. भात तेवढा बिनमिठाचा, म्हणून लोक भात संपवत.

घोटाळा साधा होता. आत्या मीठ मुठीने घालायची आणि तिच्या मुठीने जन्मभर खडेमीठ मोजलं होतं. इथल्या पोत्यातलं मीठ पिठासारखं बारीक. मूठ तीच, पण तिच्यात मावणारं मीठ कितीतरी जास्त. एकदा चाखलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण आत्या चाखायची नाही. रांधताना जिभेला लावलेलं अन्न उष्टं, आणि उष्टं पानात वाढायचं नाही, हे तिच्या सासूने लावलेलं वळण. ती वासावरून सांगायची फोडणी जळली का, मसाला कच्चा आहे का. मिठाला वास नसतो. आणि सगळ्यांचं आटोपल्यावर स्वतः जेवायला बसायची ती भात आणि ताक घेऊन. "वासानेच पोट भरलंय गं," म्हणायची.

पहिल्या दिवशी तिने खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं, "कसं झालंय?" नवऱ्याच्या तोंडात घास होता. बहिणीचा चेहरा चुलीच्या धगीने लाल झालेला, डोळे लकाकत होते. कित्येक वर्षांत तो चेहरा त्याने असा पाहिला नव्हता. "छान," तो म्हणाला. एकदा छान म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय म्हणणार?

सांगितलं तर ती झारा खाली ठेवील, अशी मालकीणबाईंना भीती. ओरडली, भांडली असती तर ठीक. पण ती एक शब्द न बोलता पिशवी भरेल, असं त्यांना वाटायचं. मग उपाय सुरू झाले. आत्या फडकी वाळत घालायला मागे गेली की मालकीणबाई पातेल्यात तांब्याभर उकळतं पाणी ओतायच्या. एक दिवस नवऱ्यालाही सुबुद्धी सुचली आणि त्याने बायकोला न सांगता उकडलेले बटाटे सोडले. त्या दिवशी न्हाव्यांच्या वाट्याला पाण्यात पोहणारे बटाटे आले. आत्याने पातेल्यात वाकून पाहिलं.

"रस्सा वाढलाय."

"वाढला असेल," नवरा म्हणाला.

"रस्सा आटतो रे बाळ्या. वाढताना मी अजून पाहिला नाही." मिशा पिकलेल्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणायची.

मालकीणबाई कांदे चिरत असल्यासारख्या डोळे पुसू लागल्या, समोर कांदा नसताना. आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि रश्श्यात आणखी एक मूठ मीठ टाकलं, पातळ झालाय म्हणून.

त्या दुपारी मालकीणबाईंनी न्हाव्यांना गाठलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते कात्र्या पुसत बसले होते. त्यांनी आडवळण न घेता विचारलं, "खरं सांगा. आमचं जेवण कसं आहे?"

"तुमच्याकडे जेवलं, की दिवसभर समुद्राची आठवण राहते," न्हावी अदबीने म्हणाले.

"खारट म्हणताय ना?"

"मला वाटलं, तुमच्या देशात असंच खातात." त्यांनी कात्री खाली ठेवली. "सगळ्या गावाला तसंच वाटतं. परक्याच्या चवीला नावं कशी ठेवायची? पण वासाचं सांगू? तुमच्याकडे फोडणी पडली की इथे खुर्चीत बसलेल्या माणसाचं पोट गुरगुरतं. मग तो हलतो. काल एकाच्या कानाला कात्री लागली असती."

मालकीणबाई हसत हसत बाहेर आल्या आणि दाराशीच थबकल्या. सगळं गाव सभ्यपणाने पाणी पीत होतं, आणि घरातली दोघंही तेच करत होती. परक्याला नावं कशी ठेवायची. हे वाक्य त्यांना काही केल्या सोडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक झाला, अजून दार उघडायचं होतं. मालकीणबाईंनी काचेजवळचं टेबल स्वच्छ पुसलं, ताट वाढलं, पाण्याचा पेला ठेवला आणि आत जाऊन आत्याचा हात धरला.

"चला, बसा."

"आज काय आहे?"

"काही नाही. पहिलं ताट तुमचं."

"आधी गिऱ्हाईक जेवू दे, मग माझं बघू. मला ताक-भात पुरे."

"तुम्ही म्हणता ना, वाढल्याशिवाय चाखायचं नाही? आता वाढलंय. तुमचं ताट वेगळं, पातेलं उष्टं होत नाही. बसा."

आत्याने मालकीणबाईंकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. पदर खोचलेलाच ठेवून, उठायच्या तयारीत असल्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली. पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. चावायची थांबली. मग सावकाश गिळलं. दुसरा घास घेतला, भाजीचा. तो गिळून पाणी प्यायली, अख्खा पेला.

"बाळ्या, इकडे ये."

नवरा हातात झाडू घेऊन आला.

"हे कधीपासून असं आहे?"

"असं म्हणजे..."

"झाडू खाली ठेव आणि नीट सांग."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू रोज छान म्हणायचास. लहानपणी मीठ जरा कमीजास्त झालं तर ताट ढकलून द्यायचास तू. आईने पाठीत धपाटा घातला तरी खायचा नाहीस. आता तुला छान लागायला लागलं?"

नवऱ्याने तेव्हा कुठे झाडू भिंतीला टेकवला.

"त्यांना नका बोलू," मालकीणबाई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच असतं. दोन दिवस तोंड फुगवून बसले असते. मग?" आत्याचा आवाज चढला नाही. "तिथे सुना मला काही म्हणजे काही बोलत नसत. चहा सांडला तरी असू द्या, साडी उलटी नेसले तरी असू द्या. तेव्हाच समजले, आपण या घरात पाहुणे झालो. इथे तरी मला वाटलं..." तिने ताट उचललं आणि आत गेली.

स्वयंपाकघराचं दार तिने ओढून घेतलं. आतून काही आवाज नाही. मालकीणबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. नवऱ्याने तोंड उघडलं, त्यांनी हाताने गप्प केलं. बाहेर न्हावी येऊन काचेपाशी उभे होते, आणि दार अजून का उघडत नाही म्हणून आत डोकावत होते.

मग आत पातेलं आपटलं. पाठोपाठ दुसरं, मोठं. नळ सुटला. खिडकीतून आत्याचा हात बाहेर आला, तळव्यावर मीठ. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती ते चोळून बघत होती.

"हे मीठ आहे की पिठी? आणि हे माझ्या हाती देताना कुणाला सांगावंसं वाटलं नाही. चमचा आण. मूठ बंद. हा रस्सा अर्धा काढते, त्याला बिनमिठाचा दुसरा जोडते. कांदा कोण चिरणार?"

"मी चिरते," मालकीणबाई घाईघाईने आत शिरल्या.

"तू नको. तुझा कांदा म्हणजे निम्मा जाड, निम्मा लगदा. बाळ्या चिरेल. आणि आता बोलायचंच ठरलंय, तर तुझ्या पोळ्यांचंही बोलते. आल्यापासून जीभ चावून बसलेय."

"बोला ना."

"कडा कच्च्या राहतात. लाटतेस घाईत, भाजतेस त्याहून घाईत, आणि दुमडून ठेवतेस म्हणजे कुणाला दिसू नये. दिसतं. आणि ते ताट पुसायचं फडकं. त्याच फडक्याने टेबल पुसतेस तू. मी बघत नाही असं वाटतं तुला."

"नाही वाटत," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांना आतून गुदगुल्या होत होत्या आणि चेहरा पडलेला ठेवणं कठीण चाललं होतं. लग्नानंतर सासरच्या माणसाने त्यांना इतकं सलग कधी सुनावलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

फोडणी पडली. नवऱ्याने डोळ्यांतून पाणी गाळत कांदा चिरून दिला आणि दार उघडायला पुढे गेला. आत आत्याचं भाजणं, परतणं आणि बोलणं तिन्ही जोरात सुरू होतं. नावं ठेवत ठेवत ती आता घरच्या पडद्यांवर आली होती.

न्हाव्यांना या घरची भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. उंबऱ्यावरच थांबून त्यांनी काळजीने विचारलं, "भांडण चाललंय का? मी नंतर येऊ?"

"नाही हो," नवरा नाक ओढत म्हणाला. "माझी बहीण इथे राहायला आलीय. बसा, आज जरा उशीर लागेल."