कोरडे पट्टे

माझ्या भावाला हल्ली लोक गाड्यांमधला दर्दी म्हणतात. ऐकलं की मला किळस येते.

बाबांची गाडी हॉलंडची, जुनी, इवलीशी. हडपसरच्या कारखान्यातला त्यांचा डच साहेब मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला. तिला क्लच नव्हता, गिअर नव्हते. दांडी पुढे ढकलली की पुढे, मागे ओढली की मागे. इंजिनाची ताकद दोन रबरी पट्ट्यांवरून चाकांना मिळायची. लोक हसायचे. पण बाबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, दुसरी कुठलीच गाडी त्यांना चालवता येत नव्हती. धायरीहून शनिवार पेठेत मित्राकडे पत्ते खेळायला ते एकटे जायचे आणि किल्ली बोटात फिरवत घरी यायचे.

भावाला आयटीत नोकरी लागली, त्या वर्षी खंडेनवमीला त्याला भक्तीचा उमाळा आला. विळी, कात्री, शिलाई मशीन, सगळ्यांना तेलपाणी झालं. मग हा गाडीखाली शिरला आणि त्या पट्ट्यांनाही तेल चोपडून आला. वर हळदकुंकू. पट्टे कोरडेच हवेत, हे बाबा जन्मभर सांगत आले होते. दसऱ्याला इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना. पुसून पाहिलं, धुऊन पाहिलं. रबर फुगलं होतं.

"जुन्या गाडीचं काय एवढं," भाऊ म्हणाला.

पुढे कंपनीने त्याला पाठवलं कुठे, तर हॉलंडला. बाबांनी नमुना म्हणून पट्ट्याचा तुकडा कापून त्याच्या बॅगेत ठेवला. तो परतला चॉकलेटं आणि फ्रिजला चिकटवायच्या पवनचक्क्या घेऊन. तुकडा बॅगेच्या कप्प्यात तसाच होता. "राहूनच गेलं, बाबा." आई त्या पवनचक्क्या शेजारीपाजारी दाखवत हिंडली. मला अजून त्यांची शिसारी येते. गाडी भंगारात गेली.

काही वर्षांनी त्याने स्वतःसाठी ऑटोमॅटिक घेतली. अख्ख्या सोसायटीला पेढे.

"क्लचच नाही, बाबा. डाव्या पायाला कामच नाही," तो समजावून सांगत होता. बाबांना!

बाबा काठी टेकत गाडीच्या पुढच्या दाराशी गेले. किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. भावाने त्या हातावर पेढा ठेवला आणि मागचं दार उघडलं.