समुद्राशी बांधाचं भांडण

माझ्या मामांइतका बांधावर जीव असलेला माणूस अख्ख्या दिंडोरी तालुक्यात सापडायचा नाही. लोक बायकापोरांवर प्रेम करतात, फार तर बैलजोडीवर. मामांचं प्रेम द्राक्षबागेच्या कडेच्या हातभर रुंद मातीवर. शेजारच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर वळताना जरा आत आला की मामा भरल्या ताटावरून उठून धावत. पाहुणा आला की चहाआधी बांध दाखवायचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत सोयऱ्यांनी मुलाविषयी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "त्याला बांध राखता येतो का, ते बघा आधी." मी नाशकात बँकेत कारकून, माझ्याकडे बांध कुठला? मामींनी सावरून घेतलं म्हणून माझं लग्न झालं.

अशा माणसाने लेक, म्हणजे आमची ताई, दिली ती रत्नागिरीला, थेट समुद्राकाठच्या घरात. पहिल्यांदा गेले तेव्हा घरापुढे सुरूची झाडं आणि पुढे लांबलचक वाळू. ती पाहून मामा खूश झाले. "लय मोठं रान हाय जावयाचं!" वाळूत काही पिकत नाही, हे त्यांना सांगायला कुणी धजावलं नाही. पुढच्या खेपेला वाळू कमी झाली होती, सुरूची मुळं उघडी पडली होती. मामांना भरती-ओहोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा प्रकार त्यांनी बरोबर ओळखला. "बांध कोरतोय हा! आमच्या भाऊबंदावानी, दर साली थोडा थोडा." मग त्यांनी आपल्या शेतातला हद्दीचा एक जादा दगड गाडीच्या डिकीत घालून रत्नागिरीला नेला, सुरूच्या पुढे रोवला, कुंकू लावून नारळ फोडला आणि समुद्राला बजावलं, "ही हद्द. हिच्या अलीकडं यायचं नाय." जावई बिचारे हातात खोबरं घेऊन गंभीर चेहऱ्याने उभे होते. तेव्हापासून फोनवर नातीच्या आधी दगडाची चौकशी. "दगड हाय ना जागेवर?" ताई म्हणायची, "हाय आप्पा."

यंदा मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो. वाळू नव्हती, सुरू नव्हते, पाणी कुंपणाच्या भिंतीला लागलेलं. दगड कधीच गेला होता. ताई आपली बापाच्या जिवाला घोर नको म्हणून 'हाय' म्हणत राहिली होती. मामा तिला रागावले नाहीत. पाण्याकडे बघत एवढंच म्हणाले, "चुलतभाऊ निदान समोर येऊन शिव्या तरी देतो. ह्याच्याशी भांडू कसं?" त्यांना इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं.

जेवणं झाल्यावर ते ताईला म्हणाले, "सोडा हे. चला आपल्याकडं. बागेत घर बांधून देतो."

ताईने पदराला हात पुसले. "आप्पा, तुम्ही कधी हातभर बांध सोडला का?"

मामा उठून बाहेर गेले. कुंपण एका जागी ढासळलं होतं. पायजमा वर खोचून ते तिथे जाऊन बसले आणि पडलेले दगड परत रचू लागले. जावई म्हणाले, "राहू द्या हो आप्पा, टिकायचं नाही ते."

"ठाऊक हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या दगडासाठी हात पुढे केला. जन्मात कधी बांध न राखलेला मी, पँट दुमडून त्यांना दगड देऊ लागलो.