इंजिनाखालचं ओलं पोतं

बी.ए.च्या शेवटच्या पेपरासाठी मला नागभीडला आगगाडी गाठायची होती. धानोऱ्याहून निघालेल्या प्रवासी मोटारीचा ड्रायव्हर मात्र दर नाल्यावर थांबे. इंजिनातल्या तेलाचा थेंब सागाच्या पानावर सोडून उन्हात धरी, मग तेलाच्या टाकीखाली बांधलेलं पोतं ओलं करी.

"काऊन भाऊ, इंजिनाले आंघोळ घालून राह्यला का?" मागून कोणी टोमणा मारला. तेवढ्यात दुसरी मोटार आम्हाला मागे टाकून गेली. मीही चिडलो.

तो शांतपणे म्हणाला, "तापलं का तेल पाण्यावानी पातळ होते, बाबू. मंग लोखंड लोखंडाले खाते. पानावर लोखंडाचा कण चमकला का समजाचं, खाल्लं."

आरमोरीच्या अलीकडे ती दुसरी मोटार इंजिन जाम होऊन उभी होती. तिच्यातली माणसं आमच्या ड्रायव्हरनं आमच्यात दाटीवाटीनं बसवून घेतली.

आगगाडी सुटली तेव्हा मी डब्यात होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी पुढे त्या पेपरानं झालो. गाडी हलताना खिडकीतून पाहिलं, तर ड्रायव्हर फलाटावर सागाचं पान उंच धरून उभा होता.

"पाहा बाबू, एक कण नाई."