चिकटपट्टीकाका आणि गेटावरची वही

बाळकुमच्या आमच्या संकुलात चिकटपट्टीकाकांच्या घरी कॅमेऱ्याचा डोळा असलेली प्रत्येक वस्तू आंधळी करून ठेवलेली होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी, मुलीनं परदेशातून पाठवलेल्या टॅबच्या कपाळावर पट्टी, टीव्हीच्या वरच्या टिंबावरसुद्धा पट्टी. मी सोसायटीची सेक्रेटरी. गळती बघायला पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता आधी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "या ना. ह्याला मात्र चपलांपाशी ठेवा." मला इतका राग आला की मी गळती न बघताच परत फिरले. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

जन्मतारीख तर त्यांनी तिघांना तीन सांगितल्या होत्या, त्यामुळे आमच्या ग्रुपवर त्यांचा वाढदिवस वर्षातून तीनदा साजरा व्हायचा आणि ते तिन्ही वेळा गंभीरपणे आभार मानायचे. कुठल्याशा फॉर्मवर ओळख पटवण्यासाठी आईचं माहेरचं आडनाव विचारलं होतं, तिथे त्यांनी 'दुधीभोपळे' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. मी विचारलं, हा काय चावटपणा? ते म्हणाले, "आईला काय ते माहेरपणाला बोलावणार आहेत? खरं आडनाव माझ्या चाळीस नातेवाइकांना माहीत आहे. खोटं फक्त मला माहीत आहे. मग कुलूप कुठलं लावायचं?" कुरिअरच्या खोक्यावरची नाव-पत्त्याची चिठ्ठी ते बादलीत भिजवून काढायचे आणि लगदा कुंडीत घालायचे. त्यांची तुळस आमच्या मजल्यावर सगळ्यांत तरारलेली होती, हे कबूल करायला हवं.

त्यांचा धंदाच तसा होता. कंपन्या त्यांना पैसे देऊन आपल्याच संगणकांत घरफोडी करायला लावत, म्हणजे खऱ्या चोराआधी भगदाड सापडावं. साठीला टेकले तरी घरून हे काम चालू होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी सहा ते नऊ त्यांचा फोन पोळ्यांच्या डब्यात बंद असायचा आणि टेबलावर एका चिठ्ठीवर त्या दिवसाची फक्त तीन कामं लिहिलेली असायची. चौथं काम सुचलं तर उद्याच्या चिठ्ठीवर. "लक्ष चोरणारा आणि माहिती चोरणारा, चोर एकच," असं म्हणायचे. दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे, "घाई समोरच्याची असते, आपली नसते." फोनवर कोणी ताबडतोब अमुक करा म्हणालं की ते चहा ठेवायचे आणि चहा पिऊन झाल्यावर विचार करायचे.

आमचं भांडण होतं ते गेटावरच्या वहीवरून. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, कोणाकडे आला, फ्लॅट नंबर, मोबाइल, सगळं वहीत लिहायचं हा नियम माझा. त्यासाठी मी दंडही लावला होता. वही केबिनच्या कठड्यावर दोरीनं बांधून उघडी पडलेली असे. काका दर सभेला उठून सांगायचे, "सेक्रेटरीबाई, ही वही चोराला दिलेलं आमंत्रण आहे. निदान झाकून तरी ठेवा." मी म्हणायचे, ज्याच्या पोटात पाप नाही त्याला कसली भीती? सगळे हसायचे आणि काका खाली बसायचे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण वैजू तिच्या पाच वर्षांच्या रेवाला घेऊन माझ्याकडे आली. शहाडला तिचं सासर. नवरा मारायचा. आम्हाला ते उशिरा कळलं, आणि कळल्यावरही आम्ही दोनदा तिला समजावून परत पाठवलं, याची मला अजून लाज वाटते. या वेळी तिच्या कानातून रक्त आलं होतं. आधी ती डोंबिवलीला मैत्रिणीकडे राहिली, तर तिसऱ्या दिवशी नवरा त्या घराखाली हजर. ठाण्यात नोकरीसाठी मुलाखतीला गेली, तर बाहेर पडताना समोर तो. पोलीस चौकीत तक्रार दिली, त्यांनी त्याला समज देऊन सोडून दिलं. तो जाता जाता तिला म्हणाला होता, "कुठेही जा. पोरीला मी घेऊन जाणारच."

"ताई, मी कोणालाच सांगितलेलं नाही," वैजू रडत म्हणाली. "तरी याला कळतं कसं गं?"

मला त्या वेळी एकच माणूस आठवला. मी आपण होऊन फोन चपलांपाशी ठेवला आणि काकांच्या घरात गेले.

काकांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. वैजूचा फोन घेऊन बसले, तिला आधी पाणी दिलं, मग विचारलं, "हा फोन सुरू कोणी करून दिला होता?" नवऱ्यानं. खातं त्याच्याच नावाचं, पासवर्ड त्यालाच ठाऊक, ती कुठे आहे हे त्याच्या फोनवर नकाशात दिसत होतं, तिनं काढलेला प्रत्येक फोटो त्याच्याकडे जात होता. काकांनी तिच्यासाठी दुसरा फोन आणला, नवं खातं तयार केलं, पासवर्ड तिलाच बनवायला लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जुना फोन बंद केला.

तरी दोन दिवसांनी तो आमच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसला. मी गॅलरीतून त्याला बघितलं आणि काकांना बोलावलं.

काका आले. घरातली एकेक वस्तू बघत सुटले. रेवा जमिनीवर बसून चित्र काढत होती आणि तिच्या मनगटावर गुलाबी घड्याळ होतं. बाबांनी वाढदिवसाला दिलेलं. काका गुडघ्यावर बसले, घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ह्याच्यात सिमकार्ड आहे. पोरगी कुठे आहे ते हे सांगतं." मग थांबून म्हणाले, "पण घड्याळाला संकुल कळतं, मजला कळत नाही. चौदा इमारती आहेत. बाई, वहीत काय लिहिलंय?"

मी नियमाची पक्की. वैजू आली त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, तिचं पूर्ण नाव आणि माझा फ्लॅट नंबर लिहिला होता. मी धावत खाली गेले. गेटावरचे पाटीलमामा जुन्या बाळकुम गावातले, साधा माणूस. म्हणाले, "सकाली एक जन आलता ताई. भयनीचा घर हाय, नंबर इसरलो बोलला. मंग मी वही दिली बगाला."

मी वर पोचले आणि पाचच मिनिटांत बेल वाजली. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. वैजूनं रेवाला पोटाशी धरलं. बेल पुन्हा वाजली, मग दारावर थाप, मग त्याचा आवाज, अगदी शांत, "वैजू, मी खाली बसतोय. कधीतरी बाहेर येशीलच ना."

वैजूला एका दूरच्या गावी नोकरी आणि राहायची जागा मिळाली होती, तिचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी ती ओळखीतून मिळवून दिली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी निघणं भाग, आणि रविवारी सकाळी समोर तो पुन्हा येऊन बसलेला. मी म्हटलं, ते घड्याळ फोडून टाका आधी. काका म्हणाले, "घाई कोणाची आहे? त्याची. फोडलं तर त्याला शेवटची जागा इथलीच दिसेल. ते चालतं राहू दे. मी त्याला फिरवून आणतो."

रेवा घड्याळ द्यायला तयार नव्हती. काकांनी खिशातली त्या दिवसाची चिठ्ठी काढली आणि तीन कामांच्या खाली लिहिलं, 'रेवाकडून गुलाबी घड्याळ एक मिळाले,' आणि सही केली. ती पावती घेऊन तिनं मनगट पुढे केलं.

मी त्यांना वैजूच्या गावाचं नाव सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला सांगू नका. आज नाही आणि पुढेही नाही. जे मला माहीत नाही ते माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही." स्वतःचा फोन त्यांनी पोळ्यांच्या डब्यात ठेवला, घड्याळ शर्टाच्या खिशात टाकलं आणि तो त्यांना ओळखत नसल्यानं त्याच्यासमोरूनच रिक्षा पकडून गेले. खडवलीला जाणार होते. तिथे रविवारी नदीवर माणसं असतात, माणसांत राहायचं, एवढंच बोलले.

मी गॅलरीत पडद्याआड उभी होते. तो टपरीवर फोनकडे बघत होता. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मग तो एकदम उठला, चहा अर्धा टाकला आणि गाडीला किक मारून कल्याणच्या दिशेनं गेला. पुढच्या दहा मिनिटांत वैजू आणि रेवा भाड्याच्या गाडीत बसल्या होत्या. मी खिडकीतून वैजूचा हात धरला.

त्या दिवसाचा उरलेला वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब. वैजूचा दुपारी निरोप आला, पोचलो. काकांचा काहीच पत्ता नाही, आणि फोन त्यांच्याच घरातल्या डब्यात. मी चार वेळा खाली जाऊन आले. उन्हं उतरता काका रिक्षातून उतरले. चष्म्याची एक काच तडकलेली, गालावर सूज, शर्टाची दोन बटणं गेलेली.

"भेटला," ते म्हणाले. "म्हणाला, माझी बायको कुठंय? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यानं कॉलर धरली, परत विचारलं. मी म्हटलं, खरंच माहीत नाही हो. मग मारलं." मग म्हणाले, "गंमत बघा बाई. जन्मभर फॉर्मांवर खोटी उत्तरं लिहिली, ती सगळ्यांना पटली. आज खरं बोललो तर मार बसला."

नदीच्या घाटावरच्या लोकांनी त्याला धरून पोलिसांच्या हवाली केलं होतं. तिथे काकांनी तक्रार दिली. तिची प्रत त्यांनी मला वाचायला दिली आणि मला पुढचं दिसेना. संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, खरी जन्मतारीख, इमारत, मजला, फ्लॅट, मोबाइल. बादलीत चिठ्ठ्या भिजवणाऱ्या माणसानं आपलं सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद त्या माणसाच्या वकिलाच्या हातात जाणार हे त्यांना पुरतं माहीत होतं. मी म्हटलं, काका, हे काय केलंत? ते म्हणाले, "तुमच्या बहिणीची तक्रार एकटी पडली होती." मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी मी वहीची दोरी कापली. आता नाव सुट्या चिठ्ठीवर लिहायचं, मामा ती पेटीत टाकतात आणि पेटीला कुलूप असतं.

वैजूच्या नवऱ्याच्या खटल्यात तारखेवर तारीख पडत राहिली आणि तो जामिनावर बाहेर आला. काकांनी दाराला आणखी एक कडी बसवली, बाकी काही बदललं नाही. दोन वर्षं ते मला जिन्यात भेटले की एकच विचारायचे, "बऱ्या आहेत ना?" मी हो म्हणायचे. त्यापुढे त्यांनी कधी एक अक्षर विचारलं नाही. रेवाचा त्यांना किती लळा लागला होता, ते मला दिसत होतं.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी दुपारी त्यांच्याजवळ बसायचे. मुलगी परदेशातून यायची होती. एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, आता तरी सांगते. ती कुठे आहे..."

त्यांनी मान हलवली. "गाव नको." श्वास घेऊन म्हणाले, "तिथे नदी आहे का, एवढं सांगा."

"आहे."

"मग पोरीला पोहायला शिकवा."

"शिकतेय. हात सोडून पोहते आता."

त्यांचे डोळे भरून आले. मग बोट वर करून म्हणाले, "बस. आणखी सांगू नका, मला अंदाज येईल."

चार दिवसांनी ते गेले. मी वैजूला कळवलं. ती म्हणाली, "मी निघते ताई. आले नाही तर मी माणूस कसली?" मी म्हटलं, येऊ नकोस. ती रडली, भांडली, मला दगड म्हणाली. मी ऐकून घेतलं आणि तरी नको म्हटलं.

काकांना खाली आणलं तेव्हा सगळं संकुल जमलं होतं. गर्दीच्या कडेला, गेटाच्या आत, वैजूचा नवरा उभा होता. पत्ता त्याला ठाऊक होताच. ती येणार असा त्याचा हिशेब होता, आणि तो चुकलाही नसता. माझ्या शेजारच्या कुलकर्णीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "एवढं केलं हो त्यांनी, आणि तुझी बहीण शेवटचं तोंड बघायलाही आली नाही? असते तरी कुठे ती?"

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तोही बघत होता, माझ्यापासून चार हातांवर. मला त्याची भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

काकांचं 'माहीत नाही' खरं होतं, माझं धडधडीत खोटं होतं, पण मला ते पटकन आलं आणि नीट आलं. तो थोडा वेळ घोटाळला आणि निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज पार दूर जाईपर्यंत मी ताठ उभी होते. मग मात्र मला हुंदका आवरेना. कुलकर्णीबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काकांचा फार जीव होता गं तुमच्यावर." मी हो म्हटलं.