आमच्या घरी सुट्टीला आलेली झाडं

मे महिन्यात लोकांच्या घरी आंब्याच्या पेट्या साठतात, आमच्या घरी किस्से साठतात. मी काही ते जमवायला जात नाही. लोक कुंडी आणून ठेवतात आणि कुंडीसोबत एखादी गोष्ट आपसूक येते. कुंडी आठ-पंधरा दिवसांनी परत जाते, गोष्ट आमच्याकडेच राहून जाते!

त्याचं असं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात आठ दिवस घर बंद ठेवून गावाला गेलं, की घरातल्या झाडांचं वाळवण झालेलं असतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. उत्तरेला लांब गॅलरी, तिला हिरवी जाळी, मागे कडुनिंब. मी शाळेतून रिटायर झालेली. एका वर्षी एकीनं झाडं आणून ठेवली, पुढच्या वर्षी तिघींनी. आता एप्रिल संपत आला की फोनच सुरू होतात, "ताई, जागा आहे का?"

दुपारी बाहेर रस्ता पांढरा पडलेला असतो आणि आमच्या हॉलमधला उजेड हिरवा असतो. कूलरचं पाणी आपल्या नादात टपटपत असतं. कूलरचा झोत झाडांवर सरळ येऊ द्यायचा नाही, पानांची टोकं जळतात, म्हणून तो भिंतीकडे वळवलेला. भिंतीवरून परत आलेल्या वाऱ्यानं पाम हळूहळू हलत राहतो. अशा वेळी मला वाटतं, आपण एखाद्या विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वर कुठंतरी नागपूर आहे.

* * *

सुरुवात केली ती वरच्या मजल्यावरच्या कोल्हेवैनींनी. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाल्या होत्या. खाली ऑटो उभा, आणि पीस लिलीची कुंडी माझ्या हातात!

"आठ दिवस पाहजो वं सुनंदा. जीव आहे माझा हिच्यात. सकाळ-संध्याकाळ पाणी देजो!"

आठ दिवसांचे अडीच महिने झाले. वैनी परत आल्या त्या सरळ आमच्या गॅलरीत. लिलीला तीन फुलं आली होती, पांढरीशुभ्र, हिरव्या उजेडात तरंगल्यासारखी.

"तीन वर्षं झाली, माह्या घरी एक फूल नाही दिलं हिनं! काय घातलं वं तू?"

आता खोटं कसं बोलू? त्यांच्याकडे ती टीव्हीच्या मागे अंधारात असायची, मी खिडकीशी ठेवली होती, एवढं खरं. पण पाण्याचं काय सांगायचं?

"वैनी, रागावू नका. मी हिला चार-चार दिवस विसरून जात होते."

वैनी फुलांजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता समजलं! जावई मले 'आई, आता तुम्ही घरी जाऊन आराम करा' असं काहून म्हणून राहिला होता!"

* * *

राऊत हिंगण्याला कारखान्यात सुपरवायझर आहेत, रंगाच्या खात्यात. दिवसभर नाकात थिनरचा वास. घरी तरी हवा शुद्ध पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं. कोणीतरी मोबाइलवर यादी पाठवली, हवा साफ करणाऱ्या झाडांची. राऊतांनी यादीतलं एकही नाव सोडलं नाही! स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, मनीप्लांट, अरेका पाम, कोरफड. एका बेडरूममध्ये बावीस कुंड्या! आणि साफ झालेली हवा बाहेर पळू नये म्हणून खिडकी बंद. फटींना टेप!

महिनाभरात त्यांच्या बायकोला, ज्योतीला, शिंका सुरू झाल्या. सकाळी उठली की वीस-पंचवीस. राऊत घाबरले. त्यांनी आणखी दोन कुंड्या आणल्या!

शेवटी डॉक्टर म्हणाले, काही दिवस झाडं खोलीबाहेर काढून पाहा. मग काय, आमच्या दारात छोटा टेम्पो! मी कुंड्या उतरवून घेतल्या तर मातीवर पांढरी बुरशी आणि खालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी. मी राऊतांना बसवून सांगितलं, "मातीत बोट घालून पाहायचं. कोरडं लागलं तरच पाणी. ताटली ओतून टाकायची. अन् एका खोलीला दोन-तीन कुंड्या पुष्कळ झाल्या, बाकी काम खिडकीचं."

"खिडकीचं?"

"रोज सकाळी उघडायची."

राऊतांनी खिशातून मोबाइल काढला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. चेहरा अगदी पडलेला.

"पण ताई, यादीत खिडकी नव्हती!"

ज्योतीच्या शिंका थांबल्या. तीन कुंड्या परत गेल्या. एकवीस माझ्याकडेच राहिल्या.

* * *

त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचा फोन आला. मी गॅलरीत होते, फोन आमच्या यांनी घेतला. हे पेपर वाचत होते. पेपर वाचताना यांना काही विचारू नये.

नणंदेनं विचारलं, "घरी कोण कोण आहे गा दादा?"

"असतील बत्तीस जण."

"बाप्पा! अन् वैनी एकटीच करून राहिली सगळ्यांचं?"

"हाव. सकाळपासून त्यांच्यातच आहे."

"जेवाले काय करते एवढ्या लोकांले?"

"जेवत नाहीत ते. पाणीच पितात फक्त."

तासाभरात नणंद दारात! घामानं डबडबलेली. एका हातात आमरसाचा डबा, दुसऱ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा. एवढे लोक फक्त पाण्यावर म्हणजे कसलं तरी कडक व्रत असणार, असं तिच्या मनानं घेतलेलं. हॉलमध्ये आली आणि उभीच राहिली. ओळीनं कुंड्या. सगळीकडे शांत, हिरवं.

"मंग हे खाईन कोण?" तिनं विचारलं.

यांनी पेपर खाली ठेवला. "मी आहे ना!"

* * *

कोराडीच्या भोयरभाऊंची गोष्ट वेगळी. कोळशावरच्या वीज केंद्रात ऑपरेटर, राहायला तिथल्याच कॉलनीत. भर उन्हात मोटरसायकलवर रबरप्लांट बांधून आले. झाडाला ओला दुपट्टा गुंडाळलेला, स्वतःचं डोकं उघडं! खिशातून एक मऊ फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"आमच्याकडे राख बसते ताई. रोज ड्यूटीवर जायच्या आधी मी पानं पुसतो. पान मळलं तं त्यानं श्वास कुठून घ्यावा?"

पंधरा दिवसांनी न्यायला आले. एका पानावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. दुसऱ्या पानावरून फिरवलं. पुन्हा पाहिलं. मग खुर्ची ओढून झाडासमोर बसले. पानं अशी चमकत होती की प्रत्येकात आमच्या खिडकीचा एकेक छोटा चौकोन दिसत होता. भोयरभाऊ कितीतरी वेळ ते चौकोनच पाहत राहिले. मी केलेला चहा निवून गेला.

मला राहवलं नाही. "भाऊ, इथंच ठेवायचं असेल तर ठेवा. केव्हाही येऊन भेटत जा."

त्यांनी माझ्याकडून फडकं घेतलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि कुंडी उचलली.

"नाही ताई. सुट्टी संपली त्याची. मी रिटायर नाही झालो अजून, मंग हा कसा होईन?"

* * *

श्रद्धा सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात काम करते. कोल्हेवैनींच्या ओळखीनं आली. भाड्याच्या खोलीला खिडकी नाही, घरी गेलं की कोंदट वाटतं. म्हणाली, "काकू, अंधारात जगणारं झाड द्या ना."

मी म्हटलं, "अंधारात कोणीच जगत नाही वं. काही जण जास्त दिवस सोसतात, एवढंच." स्नेक प्लांटचं एक पिल्लू कुंडीत लावून दिलं आणि सांगितलं, "पाणी कमी घाल. आठवड्यातून एकदा तरी उजेड दाखव."

ते तिनं फारच मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी कुंडी घ्यायची, मेट्रोत बसायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचं. कुंडी शेजारच्या सीटवर. मेट्रो उंचावरून जाते, डबाभर ऊन. खाली गच्च्या, टाक्या, झाडांचे शेंडे सरकत असतात आणि या दोघी उजेड खात असतात.

एकदा डबा भरला. एक म्हातारे काका समोर येऊन उभे राहिले. श्रद्धा पटकन उठली. "काका, इथं बसा."

काका बसले. शेजारी कुंडी, समोर उभी श्रद्धा. काकांना काही ते बरं दिसेना. "कुंडी बसन अन् तू उभी राहशीन का बेटा?"

"मले सवय आहे काका. दुकानात आठवडाभर उभीच असते. पण हिले हा एकच दिवस भेटते."

दोन स्टेशनं गेली. मग काकांनी कुंडी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "ये, बस. हिले मी पाहतो." आणि पान खिडकीकडे येईल अशी ती अलगद फिरवून धरली.

शेवटचं स्टेशन आलं. सगळे उतरले. श्रद्धानं विचारलं, "काका, तुम्ही कुठी राहता?"

"माहं स्टेशन तं केव्हाच मागं गेलं," काका म्हणाले. "पण हिचं बाहेर पाहणं चालू होतं ना!"

* * *

आणि वैद्यबाई. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. एकट्या राहायच्या. दमा जुना, तो गेल्या वर्षी फार वाढला. मुलगा उपचारासाठी बंगळूरला घेऊन जाणार म्हणाला. बाईंना विमानात अरेका पाम नेता येईना, म्हणून तो माझ्याकडे आला. बाईंच्या खांद्याएवढा.

"सुनंदा, एक विचित्र काम सांगते. नाही म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. बोलताना मधे मधे थांबत होत्या. "रोज सकाळी सहाला मी याच्यासमोर बसून श्वास घेते. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. मी सोडते, तो घेतो. तो सोडतो, मी घेते. इतकी वर्षं झाली, एकटीला आता जमत नाही. मी सहाला फोन करीन. तू फोन याच्याजवळ ठेव. बोलायचं काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून बरोबर सहाला फोन. मी स्पीकर लावून तो कुंडीच्या काठावर ठेवायची. तिकडून लांब श्वास यायचा, आत जाताना बारीक शिटीसारखा वाजणारा, मग हळूहळू सुटणारा. दहा मिनिटं. गॅलरीत नुकतं उजाडत असायचं. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात चहा ठेवायची. मग केव्हातरी मीही खाली बसायला लागले. आमचे हे दारातून पाहायचे आणि परत फिरायचे.

एका सकाळी फोन आला नाही. साडेसहा झाले, सात झाले. मी लावला, तर बंद. मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सहाला मी पामसमोर बसले आणि काय करावं ते सुचेना. मग श्वास घेतला. लांब. सोडला. पुन्हा घेतला.

मागून पावलं वाजली. हे येऊन शेजारी बसले. यांचे गुडघे दुखतात, खाली बसत नाहीत कधी. त्या दिवशी बसले. यांचा श्वास मोठा, घरघर करणारा. आम्ही दोघं तसेच दहा मिनिटं. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी यांनीच मला उठवलं.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी, आम्ही नुकतेच बसलो होतो, फोन वाजला. बाईंचा!

आवाज अगदी दुरून आल्यासारखा. "सुनंदा, आयसीयूत होते गं. फोन जवळ नव्हता. काल वॉर्डात आणलं."

मी नुसतं "बाई, बाई" म्हणत राहिले.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "पहिले दोन दिवस तिथं काहीच ऐकू आलं नाही. नंतर रोज सकाळी तुम्ही दोघं बसत होता ना याच्यासमोर?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझा श्वास मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तो दुसरा, घरघर करणारा, कोणाचा गं?"

फोन स्पीकरवर होता. पाम जागच्या जागी थोडासा हलला. हे पुढे सरकले, फोनपाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "माझा, बाई. सुरू करा तुम्ही. आम्ही बसलोय."